बंद बरणींतील माळरान

झांकण घट्ट लावलेल्या कांचेच्या बरणींत, वरून थेंबभरहि पाणी न घालतां, वनस्पती कित्येक वर्षें जगूं शकतात. लंडन येथील डॉक्टर नाथानियल वॉर्ड यांनीं १८२९ सालीं ओल्या मातींत पतंगाचा कोश ठेवून बाटली बंद केली. तींत आपोआप उगवलेलें गवत व नेचा जवळजवळ ४ वर्षें टिकून राहिलीं. मातींतील ओल वाफ होऊन वर जाते, कांचेवर तिचें पाणी बनतें व तें पुन्हां मातींतच झिरपतें, हें त्यांतील मर्म होय.

यवतमाळ जिल्ह्यांतील तरवड व कुसळी गवताचें माळरान अशा बरणींत उभें करणें मात्र अवघड आहे; कारण या वनस्पती कोरड्या जमिनीस सरावलेल्या, आणि बंद बरणींतील ओलीस बाहेर जाण्याची वाट नाहीं. अमेरिकेंतील ॲरिझोना येथें १९९१ सालीं ८ माणसें २ वर्षांकरितां कांचेच्या एका बंद जगांत राहूं लागलीं. तेथील वाळवंटाच्या भागावर छताचें दंव टपकून झुडपें व गवत माजलें. शिवाय सेंद्रिय द्रव्यानें समृद्ध अशा मातींतील जंतूंमुळें प्राणवायूचें प्रमाण शेंकडा २१ वरून सुमारें १४ वर उतरलें व तो बाहेरून सोडावा लागला. यावरून दोन नियम निघतात : पाणी अगदीं बेताचें घालावें व शेणखत मुळींच घालूं नये.

आम्ही पुढील कृति सुचवितों. रुंद तोंडाची, सुमारें १० लिटरची बरणी घ्यावी. तळाशीं दोन बोटें खडे, त्यांवर थोडा कोळशाचा चुरा, आणि वर चार बोटें माती घालावी. मातींत दोन भाग मुरूम व एक भाग काळी असावी. शेताच्या बांधावरील कुसळीचा लहान ठोंब, तरवडाचें एक रोप व चिमूटभर पाचोळा पुरे. टिपेश्वरसारख्या अभयारण्यांतून कांहींहि आणूं नये. माती मुठींत दाबली असतां तिचा गोळा वळूं नये, इतकेंच पाणी शिंपडून झांकण लावावें. बरणी उजेडांत परंतु सावलींत ठेवावी. वैशाखाच्या उन्हांत बंद कांच भट्टीसारखी तापते. सकाळीं कांचेवर पातळ धुकें दिसल्यास ठीक; थेंब ओघळूं लागल्यास झांकण एक दिवस उघडें ठेवावें.

आपल्या शेतास असें झांकण नाहीं. पावसाळा सरला कीं उघड्या जमिनीची ओल वाऱ्याबरोबर जाते, ती परत येत नाहीं. काडीकचरा व पालापाचोळा जमिनीवर पसरला तर तोच शेताचें झांकण होतो. तो पेटवून देणारा आपल्याच हातानें तें झांकण जाळतो. मुलांस बरणी दाखवितांना शेतकरी बंधूंनीं हेंहि समजावून द्यावें.