धुरावरून अग्नि केव्हां ठरवावा?

कोल्हापूर जिल्ह्यांतील एखाद्या गांवांतून कोणा तरुणास पोलिसांनीं धरून कळंब्याच्या तुरुंगांत नेलें, कीं दुसऱ्या दिवशीं सकाळीं दूध घालावयास जमलेल्या लोकांत एक वाक्य ठरलेलें असतें : "आग असल्याशिवाय धूर निघत नाहीं." मग त्या घरची आई डेअरीवर येईनाशी होते, धाकट्या भावंडांस शाळेंत चिडवितात, बहिणीचें जमत आलेलें लग्न मोडतें. ज्या वाक्यानें इतकें नुकसान होतें तें खरें कीं खोटें, हें अशा घरीं जाऊन बसणाऱ्यांनीं तरी तपासून पाहिलें पाहिजे.

आपल्या देशांतील न्यायशास्त्राचा पहिला पाठ याच धुरापासून सुरू होतो. डोंगरावर धूर दिसला, म्हणून तेथें अग्नि आहे, असें आपण म्हणतों. हें अनुमान, आणि धूर हा त्याचा हेतु. तें खरें ठरतें, कारण अग्नीवांचून धूर कोणी कोठेंही पाहिलेला नाहीं. आतां उलट करून पाहा. अग्नि आहे म्हणून धूर असलाच पाहिजे, हें टिकत नाहीं. तापून लाल झालेल्या लोखंडांत अग्नि असतो, धूर नसतो. जो हेतु दोन्ही पक्षीं सांपडतो तो दिसण्यांत हेतूसारखा, पण कांहींच सिद्ध करीत नाहीं. त्यास हेत्वाभास म्हणतात, व या जातीच्या हेत्वाभासास सव्यभिचार असें नांव आहे.

मग "तो तुरुंगांत आहे" हा हेतु कोणत्या जातीचा? २०२२ सालच्या अखेरीस भारतांतील तुरुंगांत ५,७३,२२० माणसें होतीं, आणि त्यांपैकीं ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे ज्यांच्या खटल्याचा निकाल लागलेला नव्हता असे. शेंकडा पंचाहत्तरांहून अधिक! त्यांत दोषी असतील, निर्दोषही असतील. भिंती दोघांसही सारख्याच. तेव्हां तुरुंग हा धूर नव्हे.

कोणी म्हणेल, बरें, पण शिक्षा झाल्यावर तरी? शिक्षा हा अटकेहून पुष्कळ बळकट हेतु आहे, हें कबूल. तथापि तो ज्या पुराव्यावर उभा असतो, त्याहून बळकट नसतो. नाशिकजवळ २००३ सालीं एका कुटुंबावर दरोडा पडून खून झाले. भटक्या जमातींतील सहा जणांवर खटला झाला, आणि २००९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें सहाही जणांस फांशीची शिक्षा दिली. पुढें मार्च २०१९ मध्यें त्याच न्यायालयानें सहाही जणांस निर्दोष ठरवून प्रत्येकास पांच लाख रुपये भरपाई देवविली. वांचलेल्या साक्षीदार बाईनें प्रारंभींच पोलिसांकडील छायाचित्रांतून दुसऱ्याच चार जणांस ओळखलें होतें. त्यांच्यावर खटला झालाच नाहीं. या उलगड्यास सोळा वर्षें लागलीं.

ते सहा जण भटक्या जमातीचे होते, हें मुद्दाम सांगितलें. शितावरून भाताची परीक्षा करावी असें आपण म्हणतों, आणि तें स्वयंपाकघरांत रास्तच आहे. एका भांड्यांतील भात एकाच आंचेवर शिजतो. माणसांची जमात अशी एका भांड्यांत शिजत नाहीं. पण १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानें नेमकी हीच परीक्षा केली : कांहींनीं चोरी केली, म्हणून जन्मणारें मूलही चोर. १९११ सालीं हा कायदा मुंबई इलाख्यासही लागू झाला. कोल्हापूर संस्थानांतही कांहीं जातींच्या लोकांस, गुन्हा केला असो वा नसो, हजेरी द्यावी लागे. ती राजर्षि शाहू छत्रपतींनीं १९१८ सालीं बंद केली. तो कायदा १९५२ सालीं रद्द झाला, तरी जातीवरून कैद्यांत भेद करणारे नियम तुरुंगांच्या पुस्तकांत राहिले होते. ते सर्वोच्च न्यायालयानें ऑक्टोबर २०२४ मध्यें घटनाबाह्य ठरविले.

आतां कैद्याच्या घरच्यांकडे वळूं, कारण हेत्वाभास कांहीं शेजाऱ्यांच्याच मालकीचा नाहीं. "अंगारा लावला आणि चौथ्या दिवशीं जामीन झाला," असें सांगणारे भेटतात. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गांठ पडली, इतकेंच! जामीन कोणत्या कारणानें दिला हें न्यायालयाच्या हुकुमांत लिहिलेलें असतें. तो कोणाकडून तरी वाचवून घ्यावा. त्याच पैशांत कागदांच्या नकला निघाल्या असत्या. वकिलासाठीं तर शेत गहाण टाकण्याचीही गरज नसते : १९८७ च्या कायद्याप्रमाणें अटकेंतील माणसास फुकट वकील मिळण्याचा हक्क आहे, व त्यासाठीं अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करावयाचा असतो.

आई म्हणते, "माझा मुलगा असें करणारच नाहीं." तिच्या मायेस कोण दोष देईल? परंतु माया हा पुरावा नव्हे, आणि सरकारी वकील तें वाक्य एका प्रश्नांत मोडून काढील. त्या रात्रीं तो कोठें होता, कोणीं पाहिलें, हें तिला शांतपणें विचारावें. तो साखर कारखान्यांत रात्रपाळीस असेल, तर तेथील हजेरीची नोंद वकिलानें लवकर मागविली पाहिजे; हंगाम संपल्यावर अशीं पुस्तकें सांपडणें कठीण जातें.