आधी नोंद वाच

चि. मृण्मयीस,


रोमन पुरातत्त्व घरबसल्या शिकायचंय, चांगल्या लिंक पाठव, असा तुझा निरोप मिळाला. आतापर्यंत बघितलेल्या व्हिडिओंची यादीही तू सोबत जोडली होतीस. ग्लॅडिएटर, विषप्रयोग, वेडे सम्राट, पुन्हा ग्लॅडिएटर. बघायला माझी ना नाही, जेवताना मीही बघते. पण जमिनीतून निघालेली वस्तू त्यात कुठे आहे? ती कोणत्या थरात सापडली, कुणी काढली, शेजारी काय होतं, हे सांगायला त्या मंडळींना सवड नसते. आणि पुरातत्त्व म्हणतात ते तेवढंच असतं. म्हणून लांबलचक यादी मी पाठवणार नाही. एक वस्तू घे आणि तिच्या मूळ नोंदीपर्यंत जा. आम्ही शिकत होतो तेव्हा या नोंदींचे जाडजूड खंड मोजक्या ग्रंथालयांत असायचे आणि ते घरी न्यायला मिळत नसत. तुझ्या फोनवर ते फुकट उघडतात.

सुरुवात व्हिंडोलांडापासून कर. इंग्लंडच्या उत्तरेला हेड्रियनची भिंत आहे, तिचं काम इ.स. १२२ मध्ये सुरू झालं. त्याच्याही आधीपासून तिथे जवळच रोमन सैन्याचं हे ठाणं होतं. १९७३ साली रॉबिन बर्ली तिथे खणत होते, तेव्हा ओल्या चिखलातून लाकडाच्या पातळ चिपा निघाल्या. सुताराने रंधा मारल्यावर पडतात तशा ढलप्या असतील, असं आधी वाटलं. चिकटलेल्या दोन चिपा सोडवल्या तर आत शाईची अक्षरं. हवा लागताच ती फिकी पडली आणि मग इन्फ्रारेड फोटोंतून पुन्हा दिसली. त्या थरात हवाच पोचत नव्हती, म्हणून लाकूड कुजलं नव्हतं. मिलिमीटर-दोन मिलिमीटर जाडीच्या या पट्ट्यांवर ठाण्यातला रोजचा कारभार आहे: कुणाला मोजे आणि आतले कपडे पाठवले, कुणाला रजा हवी आहे, कुणाला किती गहू दिला. ब्रिटनमधल्या रोमन लेखांच्या ऑनलाइन संग्रहात फोटो, लॅटिन पाठ, भाषांतर आणि टिपा अशा चारही गोष्टी एकत्र मिळतात.

त्यातली २९१ क्रमांकाची पट्टी काढ. इ.स. १००च्या आसपासचं पत्र आहे. क्लॉडिया सेव्हेरा नावाची एका अधिकाऱ्याची बायको व्हिंडोलांडाच्या ठाणेदाराच्या बायकोला, सुल्पिसिया लेपिडिनाला, वाढदिवसाचं बोलावणं करते. तारीख ११ सप्टेंबर. पत्राचा मुख्य भाग लेखनिकाच्या सफाईदार अक्षरात आहे. शेवटी मात्र अक्षर बदलतं, जरा अवघडलेलं, सवय नसलेलं. त्या चार ओळी सेव्हेराने स्वतः लिहिल्या, मैत्रिणीला बहीण म्हणून. लॅटिनमधल्या स्त्रीच्या हातच्या सगळ्यांत जुन्या लेखनात हे मोडतं. आता इथे भाषांतर वाचून हळहळलीस आणि पुढे गेलीस तर तुझ्या हाती एक गोड गोष्ट लागली, इतकंच. फोटो मोठा कर. अक्षर कुठे बदलतं ते तुझं तू शोध, आणि मगच टीप वाच.

मग लॅटिन पाठातले कंस बघ. लॅटिन येत नाही हे मला माहीत आहे, कंस बघायला ते लागत नाही. चौकोनी कंसातलं मूळ वस्तूवर शिल्लक नाही, ते संपादकाने भरलेलं आहे. गोल कंसात असतं ते लेखकाने आखडतं लिहिलेल्या शब्दाचा उलगडा. अक्षराखाली टिंब असेल तर ते अक्षर संशयित. हे संकेत १९३१ साली लायडनला ठरले आणि आजही जगभर तेच चालतात. भाषांतरात कंस बहुतेक गायब होतात, वाक्य गुळगुळीत होतं, आणि निम्मा मजकूर कुणीतरी अंदाजाने भरलाय हे वाचणाऱ्याला कळतही नाही. व्हिंडोलांडाचे संपादक बाउमन आणि टॉमस यांनी स्वतःचीच आधीची वाचनं नंतरच्या खंडात दुरुस्त केली आहेत. तेव्हा कोणत्या साली छापलेलं वाचन आपण वाचतोय, हे आधी बघायचं.

कंस ही किरकोळ बाब वाटत असेल तर रोमच्या संगमरवरी नकाशाकडे ये. इ.स. २०३ ते २११ च्या दरम्यान कधीतरी अख्ख्या शहराचा आराखडा दगडात कोरून भिंतीवर बसवला होता, सुमारे १८ मीटर रुंद आणि १३ मीटर उंच, खोल्या-खोल्यांसकट. त्यातला दहावा हिस्सा जेमतेम उरला, तोही शेकडो तुकड्यांत. स्टॅनफर्ड विद्यापीठाने त्या तुकड्यांचं त्रिमितीय स्कॅनिंग केलं आणि तुकड्यागणिक नोंदी खुल्या ठेवल्या. टायबर नदीकाठच्या एका अजस्र इमारतीवर एल, आय, ए एवढीच अक्षरं उरली आहेत. गेल्या शतकात विद्वानांनी आधीची अक्षरं भरून 'एमिलिया' असं वाचलं, म्हणजे इ.स.पू. १९३ मध्ये बांधायला घेतलेलं मालाचं गोदाम, पोर्टिकस एमिलिया. त्या इमारतीचे काँक्रीटचे अवशेष आजही उभे आहेत. त्यामुळे रोमन लोक काँक्रीट कधीपासून वापरू लागले, याचं गणित बरंचसं या तीन अक्षरांवर बेतलं गेलं. २००६ साली कोझा आणि तुच्ची या दोघांनी म्हटलं, तिथे 'नावालिया'ही बसतं, म्हणजे युद्धनौका ठेवायच्या शेडी. वाद अजून मिटलेला नाही. मला हे प्रकरण फार आवडतं, कबूल करते. पण संकेतस्थळावरची जुनी नोंद उघडलीस तर नंतरचा वाद तिथे सापडेलच असं नाही. नोंदीखालचं वर्ष बघ म्हणते ते याचसाठी.

रोमच्या त्याच नदीकाठच्या वस्तीत, टेस्टाच्चोत, खापरांची टेकडी आहे. सुमारे ३५ मीटर उंच, आणि जवळजवळ सगळी तेलाच्या अँफोरांची. स्पेनच्या दक्षिणेतून ऑलिव्हचं तेल यायचं ते या गोलमटोल, दोन कानांच्या रांजणांतून. रिकामा रांजण तीस किलोचा आणि त्यात सत्तरेक लिटर तेल. तेल मुरलेलं भांडं खवट होतं, दुसऱ्या कशाला चालत नाही, म्हणून फोडून इथे टाकायचे आणि वास मारायला वर चुना पसरायचे. कानावर शिक्का आणि अंगावर रंगाने लिहिलेलं वजन, व्यापाऱ्याचं नाव, कधी सालही. एकोणिसाव्या शतकात हाइनरिख ड्रेसेलने ही खापरं बसून वाचली, वर्गवारी लावली, आणि त्याच्याच नावाचे आकडे आपण अजून वापरतो. तेलाचा हा रांजण म्हणजे ड्रेसेल २०. बार्सिलोना विद्यापीठाच्या डेटाबेसमध्ये हे शिक्के आणि मजकूर शोधता येतात. साउदॅम्प्टन विद्यापीठाने अँफोरांचा वेगळा संग्रह केला आहे. त्यात प्रत्येक प्रकाराचं रेखाचित्र, मातीचा जवळून घेतलेला फोटो, कुठे बनला आणि कुठे पोचला ते सगळं आहे. रोमवर एकच गोष्ट उघड असं कुणी मला म्हटलं तर मी ही उघडेन. पुतळे आणि स्नानगृहं मग.

मातीचे फोटो का बघायचे, तर आपल्याकडचंच उदाहरण देते. पश्चिम भारतातल्या जुन्या उत्खननांच्या अहवालांत 'रोमन अँफोरा' म्हणून बरीच खापरं नोंदलेली आहेत. आतून काळा लेप दिसला की रोमन मद्याचा रांजण, असं समजलं जायचं. रॉबर्टा टॉम्बर यांनी ही खापरं हातात घेऊन पुन्हा तपासली. २००७ साली त्यांनी दाखवून दिलं की त्यांतली पुष्कळशी मेसोपोटेमियाकडून आलेल्या, बिनकानाच्या, लांबोळ्या रांजणांची आहेत, ज्यांना टॉर्पेडो जार म्हणतात. आतला लेप डांबराचा, रोमन रांजणाला असतो तसा राळेचा नव्हे. त्यांचा काळही बराचसा इराणच्या सासानी राजवटीचा आणि त्यापुढचा. म्हणजे रोमशी झालेला म्हणून मोजलेला व्यापार काही ठिकाणी इराणच्या आखाताशी झालेला होता. याचा अर्थ रोमचा माल आपल्याकडे आलाच नाही असा मुळीच नाही. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत सापडलेली पोसायडनची कांस्यमूर्ती आहे, आणि 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात पैठण आणि तगर म्हणजे तेर यांची नावं आहेत. पण 'रोमन काळात कोकणात मद्याचे हंडे उतरत' असं वाक्य पुन्हा कुठे वाचलंस तर कोणत्या खापरावरून, आणि त्याची माती कुणी तपासली, हे विचार.

बाकीचं झटपट सांगते. नाण्यांसाठी अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीचा रोमन साम्राज्याच्या नाण्यांचा संग्रह, ऑगस्टसपासून झेनोपर्यंत. इंग्लंड-वेल्समधल्या हौशी लोकांना डिटेक्टरने सापडलेल्या वस्तूंची नोंद १९९७ पासून होते, तीही खुली आहे, फक्त सापडल्याचं नेमकं ठिकाण चोरांच्या भीतीने झाकलेलं असतं. स्टॅनफर्डचं ऑर्बिस तुला खेळायला आवडेल. रोमहून अलेक्झांड्रियाला जुलैत किती दिवस, जानेवारीत किती, खर्च किती. मात्र ते इ.स. २०० च्या सुमाराची परिस्थिती धरून केलेलं गणित आहे आणि खर्चाचे दर डायोक्लेशियनच्या ३०१ सालच्या हुकूमनाम्यातून घेतलेले आहेत. कुणाच्या प्रवासाची डायरी नव्हे. आकडा उतरवून घेशील तेव्हा हेही शेजारी लिही. व्याख्यानंच ऐकायची असतील तर येल विद्यापीठात डायना क्लायनर यांनी रोमन वास्तुकलेवर दिलेली ऐक. पॉम्पेईचं उत्खनन खातं आपलं ई-जर्नल इटालियनमध्ये काढतं, भाषांतराचं ॲप लावून ते खुशाल वाच. ॲप थरांच्या आणि बांधकामाच्या शब्दांत गोंधळ घालतं, तेव्हा आराखडा उघडा ठेवून वाच.

एक वही कर. वस्तूचा क्रमांक, संग्रहाचं नाव, नोंद कुणी लिहिली, कोणत्या वर्षी, आणि तू कधी बघितलीस. स्क्रीनशॉटवर विसंबू नकोस. निधी संपला की असे संग्रह बंद पडतात, पत्ते बदलतात, पण क्रमांक हाताशी असला की ती वस्तू दुसरीकडे शोधता येते.

महिनाभरात मला एका पट्टीवर आणि एका रांजणावर एकेक पान लिहून पाठव. 'रोमन लोक किती प्रगत होते' हे वाक्य त्यात आलं तर कागद परत येईल. दिवाळीत इकडे आलीस की तेरला जाऊ. तिथलं लामतुरे संग्रहालय तुला दाखवायचंच आहे. आत फोटो काढू देतात का, ते मात्र आधी फोन करून तूच विचारून ठेव.

तुझी,
मावशी