स्वप्नातून उठल्यावर काय कराल?

आपण सर्वजण झोपेत स्वप्ने पाहतो. काही सुखावतात, काही घाबरवतात आणि बहुतेक स्वप्ने सकाळचा चहा होईपर्यंत विसरली जातात. मग त्यांचा आपल्या जीवनाशी काय संबंध?

मांडूक्य उपनिषदात केवळ १२ मंत्र आहेत. त्यात जागृती, स्वप्न, सुषुप्ती आणि तुरीय या चार अवस्थांचा विचार आहे. स्वप्नावस्थेतील आत्म्याला तेथे ‘तैजस’ म्हटले आहे. तेज म्हणजे प्रकाश. डोळे मिटलेले असतानाही ज्या प्रकाशात आपण अख्खे जग पाहतो, तो आपल्याच आत असतो.

वाचता न आलेली चिठ्ठी

ऑस्ट्रियातील ग्राझ येथे ओटो लोवी नावाचे शास्त्रज्ञ होते. मज्जातंतूंचा संदेश रासायनिक द्रव्यामार्फत पोहोचत असावा, ही कल्पना त्यांना १९०३ मध्येच सुचली होती. पण ती सिद्ध कशी करावी हे कळेना. सुमारे १७ वर्षे ती तशीच पडून राहिली. एका रात्री स्वप्नात त्यांना प्रयोग दिसला. त्यांनी अर्धवट झोपेत चिठ्ठीवर काही खरडले. सकाळी स्वतःचेच अक्षर लागेना! पुढच्या रात्री तीन वाजता तीच कल्पना पुन्हा आली. या वेळी ते लिहीत बसले नाहीत, थेट प्रयोगशाळेत गेले. बेडकाच्या दोन हृदयांवरील तो प्रयोग १९२१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १९३६ मध्ये त्यांना हेन्री डेल यांच्यासोबत नोबेल पुरस्कार मिळाला.

स्वप्न दोन्ही रात्री आले. फरक पडला तो उठण्याने.

दुःस्वप्नाचे काय करावे?

वाघ मागे लागतो, परीक्षेचा पेपर कोरा राहतो. विचार करा, तो वाघ कोणी निर्माण केला? वाघही तुमच्याच मनाचा आणि पळणारेही तुम्हीच. क्षणात एवढी भीती उभी करणारी शक्ती धैर्यही उभे करू शकते. मानसोपचारात ही पद्धत वापरली जाते. जागेपणी दुःस्वप्नाचा शेवट बदलून लिहायचा आणि तो नवा शेवट रोज काही मिनिटे मनात पाहायचा. मात्र एखाद्या आघातानंतर अशी स्वप्ने वारंवार येत असतील, तर डॉक्टरांची मदत अवश्य घ्या.

आजचा अभ्यास

हिशेबात ज्या रकमेचे खाते सापडत नाही, ती सस्पेन्स अकाउंटमध्ये ठेवतात. पण ती कायम तिथे ठेवता येत नाही, कधीतरी योग्य खात्यात न्यावीच लागते. आपल्यातील क्षमतांचेही तसेच आहे.

१. उशाशी वही ठेवा. जाग येताच स्वप्न वाचता येईल अशा अक्षरात लिहा.
२. भीतीदायक स्वप्न असेल तर दिवसा त्याचा नवा शेवट लिहा.
३. ‘नंतर करू’ म्हणून बाजूला ठेवलेले एक काम निवडा आणि आज त्याला फक्त १५ मिनिटे द्या.

रात्र प्रत्येकाला काही ना काही दाखवते. सकाळी त्याचे काय करायचे, हे मात्र तुमच्याच हाती आहे.