चाक कोणतं लावू, मामा?



आधीच सांगून टाकते, मी कॉन्व्हेंटची. दहावीपर्यंत मराठी म्हणजे माझ्यासाठी फक्त एक पेपर होता. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर मराठी विभागाच्या संपादकांनी हसू नये. हा लेख मी इंग्लिश विभागात देणार होते. पण मग तो आपल्या वर्कशॉपमधल्या मामांना वाचता आला नसता, आणि यातलं निम्मं ज्ञान त्यांचंच आहे.

त्याचं असं झालं. गॅदरिंगची फिरती ट्रॉफी यंदा आपणच बनवायची असं डिपार्टमेंटमध्ये ठरलं. खाली प्लेटला वेल्ड केलेला स्टेनलेस स्टीलचा पाइप, मध्ये पितळेचं गिअर आणि वर ॲक्रिलिकचा पारदर्शक तुकडा. डिझाइन माझं, म्हणून मिरवणंही माझंच! मशिनिंग वेळेत झालं. "आता काय, फक्त पॉलिश तर राहिलंय," असं म्हणत मी बफ चालू केला आणि तिन्ही वस्तू त्याच एका बफवर, त्याच एका पॉलिशच्या वडीने घासायला घेतल्या.

गिअर चकाकलं. पाइपवरचे ओरखडे मात्र तसेच राहिले, वर एका जागी पिवळा-निळा डाग पडला. आणि ॲक्रिलिकची कड लोण्यासारखी ओघळली! गॅदरिंगला चार दिवस उरले होते.

मामांनी तो तुकडा उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "अगं पोरी, भाकरी आन् दूध एकाच आचेवर ठेवतीस काय?"

आचेचं गणित

मामांच्या या एका वाक्यात आपल्या हीट ट्रान्स्फरच्या पेपरचं एक अख्खं युनिट आहे. घासलं की उष्णता होणारच. प्रश्न असा, की ती जाते कुठे? रूमवर येऊन पुस्तक उघडलं. पितळेची उष्णतावाहकता सुमारे 110 ते 120 वॅट प्रति मीटर केल्व्हिन, 304 स्टेनलेसची सुमारे 16 आणि ॲक्रिलिकची जेमतेम 0.2! म्हणजे पितळ उष्णता लगेच आत पसरवतं. स्टेनलेसमध्ये ती एका जागी साठते, म्हणून डाग पडतो. ॲक्रिलिकमध्ये तर ती पृष्ठभागावरच अडकते, आणि साधारण 105 अंश सेल्सिअसच्या आसपास ॲक्रिलिक मऊ पडायला लागतं.

तेव्हा चाक निवडताना पहिला प्रश्न "कोणतं चाक जास्त घासतं?" हा नाही. "माझी वस्तू किती आच सोसते?" हा आहे.

चाकावरची अक्षरं वाचायला शिका

पाइपच्या वेल्डवरचा फुगवटा आधी ग्राइंडरवर काढायचा होता. वर्कशॉपमधलं जुनं चाक साध्या लोखंडावर वापरलेलं. त्याचे कण स्टेनलेसमध्ये रुतले तर पुढे तिथे गंजाचे ठिपके येतात, म्हणून नवं चाक आणायचं काम माझ्याकडे आलं. दुकानदाराने विचारलं, "कोणतं देऊ?" आणि माझी बोलती बंद.

तुमची होऊ नये म्हणून सांगते. चाकावर समजा "ए 60 के 5 व्ही" असं छापलंय.

ए म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइड, आपल्या जुन्या कुरुंदाच्या दगडाचा कारखान्यात बनवलेला भाऊ. हा स्टीलसाठी. इथे सी असेल तर सिलिकॉन कार्बाइड, ते बीड, पितळ आणि ॲल्युमिनियमसाठी. अमेरिकेत एडवर्ड ॲचेसन यांना 1891 मध्ये ते सापडलं, कृत्रिम हिरे बनवायच्या नादात!

60 म्हणजे कणाचा आकार. एका इंचात जितकी जास्त छिद्रं असलेल्या चाळणीतून कण गाळला, तितका आकडा मोठा आणि कण बारीक.

के म्हणजे ग्रेड. इथे सगळ्यांची गल्लत होते, माझी व्हायव्हात झाली होती. ग्रेड हा कणाचा कठीणपणा नाही, तर कणाला धरून ठेवणाऱ्या बाँडची पकड आहे. ए सर्वांत सैल, झेड सर्वांत घट्ट. कठीण धातूवर कण लवकर बोथट होतो, तो सुटून नवा धारदार कण वर यायला हवा, म्हणून चाक मऊ हवं. मऊ धातूवर कण टिकतो, म्हणून चाक कठीण चालतं. थोडक्यात, कठीणाला मऊ आणि मऊला कठीण!

5 म्हणजे कणांमधली मोकळी जागा, आकडा मोठा तर जागा जास्त. व्ही म्हणजे व्हिट्रिफाइड, मातीच्या भांड्यासारखं भट्टीत भाजलेलं बाँड. बी असेल तर रेझिनचं.

ही चाकं परदेशातूनच येतात असा माझा समज होता. पण आपल्याच महाराष्ट्रात, उरणजवळ मोरा इथे, 1941 मध्ये ग्राइंडवेलचा छोटा कारखाना सुरू झाला. तीच आजची ग्राइंडवेल नॉर्टन.

आणखी एक लक्षात ठेवा. स्टीलच्या चाकावर ॲल्युमिनियम घासू नका. ते कणांच्या मधल्या जागेत भरून बसतं, चाक कापायचं थांबतं आणि तापतं. शिवाय ॲल्युमिनियमची धूळ आणि स्टीलच्या ठिणग्या एकत्र आल्या तर पेट घेऊ शकतात.

बफ म्हणजे कापडच

सोलापूरकरांना कापड शिकवायची गरज नाही. 1877 साली सुरू झालेल्या जुन्या मिलचं आणि चादरीचं हे गाव. बफ म्हणजे सुती कापडाच्या गोल चकत्या एकावर एक ठेवून केलेलं चाक. शिलाई जवळजवळ घातली की बफ ताठ होतो आणि जास्त कापतो. फक्त मध्ये शिलाई असेल तर तो मोकळा, मऊ आणि शेवटच्या चमकेसाठी. सगळ्यांत राकट तो घायपाताच्या दोराचा, म्हणजे सिसलचा.

आम्ही शेवटी असं केलं.

स्टेनलेस: वेल्ड काढल्यावर 120, 220, 320, 400 अशा क्रमाने काचपेपर. प्रत्येक वेळी आधीच्या रेघांना आडवं घासायचं, म्हणजे आधीच्या रेघा गेल्या की नाही ते दिसतं. मग सिसलचा बफ, आणि शेवटी सुती बफवर हिरवी वडी, ज्यात क्रोमियम ऑक्साइड असतं.

पितळ: शिलाईच्या सुती बफवर तपकिरी ट्रिपोली, मग मोकळ्या बफवर लाल रूज. सोन्या-चांदीच्या शेवटच्या चमकेलाही हाच रूज वापरतात. ट्रिपोलीत सिलिका असते, तेव्हा मास्क लावाच.

ॲक्रिलिक: पाणी लावत 400, 600, 800, 1200 पेपर. मग मऊ मोकळा बफ, बारीक पांढरी वडी, हलका हात. तुकडा सतत सरकता ठेवायचा, एका जागी थांबला की संपलं. नंतर स्पिरिटने पुसू नका, कडेला बारीक तडे जातात. साबणाचं पाणी बेस्ट.

आणि प्रत्येक वडीला वेगळा बफ. लाल बफवर हिरवी वडी लावली तर दोन्ही वाया.

वेगाचं काय? कडेचा वेग म्हणजे पाय गुणिले व्यास गुणिले आरपीएम, भागिले 60. 200 मिलिमीटरचं चाक 2800 आरपीएमला फिरलं, तर कडेचा वेग सेकंदाला 29 मीटर होतो. ॲक्रिलिकसाठी आम्ही 150 मिलिमीटरचा बफ 1440 आरपीएमच्या मोटरवर लावला. वेग आला 11 मीटर, आणि कड काचेसारखी झाली.

जे मी कोणाला सांगितलं नव्हतं

आता खरी गोष्ट. दुकानातून आणलेलं ग्राइंडिंग व्हील हॉस्टेलच्या जिन्यात माझ्या हातातून निसटलं. दोन पायऱ्या खाली गेलं. उचलून पाहिलं तर कुठे टवका नाही, रेघ नाही. पैसे डिपार्टमेंटचे होते. मी गप्प बसले.

सकाळी मामांनी चाक लगेच चढवलं नाही. भोकात बोट घालून ते लटकवलं आणि स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीने हलकेच वाजवलं. चांगलं व्हिट्रिफाइड चाक टणकन वाजतं. हे 'भद्द' वाजलं. थोडं फिरवून पुन्हा वाजवलं. पुन्हा भद्द.

"पडलंय का गं कुठं?" त्यांनी शांतपणे विचारलं.

मी मान खाली घालून "हो मामा" म्हटलं. वाटलं, आता सगळ्यांसमोर ओरडतील. ते म्हणाले, "सांगितलंस ते बरं केलंस. चाक दुसरं मिळतं." आणि ते पुन्हा कोणी चुकून लावू नये म्हणून त्यांनी हातोड्याने त्याचे तुकडे केले.

रात्री मी हिशोब केला. सेकंदाला 29 मीटर म्हणजे ताशी सुमारे 105 किलोमीटर. पुणे हायवेवरच्या गाडीच्या वेगाने दगडाचे तुकडे सुटले असते आणि समोर मी उभी असते. त्या रात्री मेसमध्ये जेवण गेलं नाही.

म्हणून ही शेवटची यादी पाठ करा. चाक चढवण्याआधी वाजवून बघा. चाकावर छापलेला कमाल आरपीएम मोटरच्या आरपीएमपेक्षा जास्त हवा. चाक आणि फ्लँजमधला कागद काढू नका. सुरू केल्यावर एक मिनिट बाजूला उभे राहा. टूल रेस्ट आणि चाकातली फट 3 मिलिमीटरच्या आत ठेवा. गॉगल घाला. बफवर वस्तू मध्याच्या खाली धरा, नाहीतर तो ती हिसकावून घेतो. ओढणी, मोकळे केस, अंगठी, हातमोजे, काहीही फिरत्या चाकाजवळ नको.

ट्रॉफी झाली. छान चमकते. तिच्यात तोंड दिसतं म्हणून मुली स्टेजमागे लिपस्टिक नीट करत होत्या! पण मला विचाराल तर चाक निवडायचा सगळ्यात मोठा नियम पुस्तकात नाही. हातून पडलेलं चाक लपवू नका.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी