मोडका बोल्ट काढताना घाई नको

आलापल्लीहून भामरागडकडे जाताना पेरमिली मागे पडली की गॅरेज शोधूनही सापडत नाही. माझ्या मोटरसायकलच्या मागच्या उजव्या शॉकपचा खालचा बोल्ट नेमका तिथेच तुटला. खाडकन आवाज झाला आणि गाडी एका अंगाला बसली. डोकं गळून पडलं होतं, उरलेला तुकडा चिमट्याच्या (स्विंग आर्मच्या) आट्यांत रुतून बसला होता.

अशा वेळी लोक सांगतात, ‘एका शॉकपवर हळूहळू न्या.’ नेऊ नका. सगळा भार एका बाजूला आला की चिमटा पिळतो, आणि लोंबकळणारा शॉकप चाकाच्या तारांत शिरला तर माणूस रस्त्यावर फेकला जातो. मी पिकअपची वाट पाहिली आणि गाडी त्यात घालून आलापल्लीला आणली.

तिथल्या मिस्त्रींनी हत्यार हातात घेण्याआधी तुटलेलं तोंड फडक्याने पुसून मला दाखवलं. अर्धा भाग काळपट आणि गुळगुळीत, उरलेला चकचकीत आणि खरबरीत. काळपट भाग म्हणजे जुना तडा, त्यात पाणी जाऊन गंजलेला. शेवटचा खड्डा फक्त निमित्त होता. शॉकपचं रबरी बुश झिजलं होतं, त्यामुळे प्रत्येक दणक्याला बोल्ट वाकत होता. कारण न शोधता नवा बोल्ट घातला, तर तोही त्याच वाटेने जातो.

आता काढण्याचं. बोल्ट स्वस्त असतो, पण चिमट्यातले आटे गेले तर खर्च कितीतरी पटींनी वाढतो. म्हणून सगळी काळजी आट्यांची घ्यायची. गाडी सेंटर स्टँडवर पक्की उभी करा, शॉकप उतरवून बाजूला ठेवा. तुकड्याभोवतीचा चिखल तारेच्या ब्रशने काढा, गंज सोडवणारं तेल सोडा आणि शक्य तर रात्रभर मुरू द्या. मधूनमधून हातोडीने हलके टोले मारा, म्हणजे तेल आत झिरपतं.

तुकडा बाहेर डोकावत असेल तर कानशीने त्याच्या दोन बाजू सपाट करून ग्रिप प्लायरने पकडा. एकदम उलटा पिळू नका. थोडा मागे, थोडा पुढे, पुन्हा तेल. तरीही हलला नाही तर त्यावर नट वेल्ड करून घ्या. वेल्डिंगच्या उष्णतेने गंजाची पकड सुटते. नट थोडा निवू द्या, मग पाना लावा. पण वेल्डिंगआधी बॅटरीची वायर काढा, पेट्रोलची टाकी उतरवा आणि अर्थचा क्लॅम्प कामाच्या अगदी जवळ लावा. गॅसच्या शॉकपला आच लागता कामा नये; तो फुटू शकतो.

तुकडा आत मोडला असेल तर काम नाजूक होतं. बरोबर मध्यावर सेंटर पंच मारा आणि बारीक ड्रिलपासून सुरुवात करा. ड्रिल तिरकं गेलं की आटे कापले जातात. भोकात घालून तुकडा उलटा फिरवणाऱ्या इझीआउटवर जोर करू नका. त्याचं पोलाद कडक पण ठिसूळ असतं. ते आत तुटलं तर साधं ड्रिल त्यावर चालत नाही. फिरवताना अडलं की थांबा आणि गाडी लेथवाल्याकडे न्या.

तुकडा निघाल्यावर आट्यांतून टॅप फिरवून कचरा काढा, बुश बदला. मूळ बोल्टाच्या डोक्यावरचा आकडा वाचून त्याच दर्जाचा बोल्ट घ्या. ८.८ खुणेच्या बोल्टाची ताणशक्ती ४.६ वाल्याच्या दुप्पट असते. दोन्ही दिसायला सारखेच, म्हणून दुकानदाराच्या शब्दावर विसंबू नका. कापलेली आट्यांची सळई तर मुळीच नको. बोल्टाच्या सपाट भागाला ग्रीसचा हात द्या, आणि चार-आठ दिवसांनी पाना लावून पुन्हा तपासा.

आपल्याकडे आशाताई, शिक्षक, वनरक्षक सगळे मोटरसायकलवर अवलंबून असतात. कित्येक पाड्यांतून रुग्णही तिच्यावरच दवाखान्यात येतो. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, मग सुटा भाग कुठून आणणार? म्हणून मृगाआधी दोन्ही शॉकपचे बोल्ट एकदा खोलून पाहा. बुशमध्ये खेळ असेल, बोल्टावर गंजाची रेघ असेल, तर तो भाग तिथेच बदला.