घोडा आणि बैल : चारा एक, पोटे दोन

(प्राथमिक शाळेच्या वरच्या वर्गांसाठी परिसर अभ्यासाचा पाठ)

पाठाचा हेतू : जनावराचा आहार त्याच्या शरीररचनेस धरून असावा लागतो, हे विद्यार्थ्यांस निरीक्षणाने पटवून देणे. हा पाठ पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात घेतल्यास त्याचा विशेष उपयोग होईल.

प्रस्तावना : वर्धा जिल्ह्यातील खेड्यात वाढणाऱ्या मुलास बैल घरातील माणसाइतका परिचित असतो, घोडा मात्र त्यास वरातीत किंवा यात्रेतच दिसतो. पूर्वी ही दोन्ही जनावरे एकाच वाटेने चालत. आर्वी, आष्टी व कारंजा या भागातील गौळाऊ जातीचे बैल पांढरे, अंगाने हलके आणि चालीस जलद असतात. मराठा सैन्यात स्वार घोड्यावर असे, तर सैन्याचे सामान त्वरेने वाहून नेण्यासाठी या बैलांचा उपयोग होई. दोघांच्याही पुढे चारा पडे. परंतु तो पचविण्याची रीत दोघांची अगदी निराळी. ही भिन्नता कशात आहे, असा प्रश्न विचारून शिक्षकांनी पाठास आरंभ करावा.

बैलाचे पोट : बैलाच्या वरच्या जबड्यास पुढचे दात नसतात. तो जिभेने चारा ओढून घेतो व अर्धवट चावून गिळतो. त्याच्या पोटाचे चार कप्पे असतात. पहिला कप्पा, म्हणजे कोटीपोट, डाव्या कुशीत असतो व मोठ्या जनावरात त्यात १०० लिटरहून अधिक ऐवज मावतो. तेथे असंख्य सूक्ष्म जीव चारा आंबवितात. माणसास न पचणारा कडबा व कुटार बैलाच्या अंगी लागते, ते या जीवांमुळेच. निवांत बसल्यावर बैल तो घास पुन्हा तोंडात आणून चावतो. यालाच रवंथ म्हणतात. दिवसाचे सात-आठ तास तो या कामात घालवितो. म्हणून पोटभर चारा मिळूनही विसावा न मिळाल्यास बैलाचे पोषण नीट होत नाही.

घोड्याचे पोट : घोड्यास दोन्ही जबड्यांत पुढचे दात असतात. तो गवत कुरतडून बारीक चावतो व एकदाच गिळतो. रवंथ करीत नाही. त्याचे जठर एकच व देहाच्या मानाने लहान, सुमारे ८ ते १५ लिटरचे असते. चारा आंबविण्याचे कार्य त्याच्या मोठ्या आतड्यात, म्हणजे पचनाच्या शेवटच्या टप्प्यात होते. त्यामुळे मोकळ्या कुरणात घोडा दिवसाचा बहुतेक वेळ थोडेथोडे चरत राहतो. त्याच्या जठराचे तोंड इतके घट्ट असते की त्यास ओकारी होत नाही. म्हणून अयोग्य खाणे पोटात गेल्यास ते बाहेर टाकण्याचा मार्ग त्यास नसतो व पोटशूळ उठतो.

स्वभाव : घोडा भित्रा व सावध प्राणी आहे. संकट दिसताच पळणे हे त्याचे संरक्षण होय. त्याचे डोळे दोन्ही बाजूंस असल्याने त्यास भोवतालचे बरेचसे दिसते, परंतु पाठीमागचे दिसत नाही. यास्तव मागून गेल्यास तो बिचकून लाथ मारतो. पायांच्या विशिष्ट रचनेमुळे तो उभ्याने डुलकी घेऊ शकतो; गाढ झोपेसाठी मात्र त्यास आडवे व्हावे लागते. बैल बहुधा बसून रवंथ करतो. रवंथ थांबणे हे त्याच्या आजाराचे पहिले चिन्ह होय.

पोळ्याचे आवतण : पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद व तूप लावून शेकतात आणि त्यांस दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतण देतात. वर्षभर राबणाऱ्या जनावराविषयीची ही कृतज्ञता थोर आहे. तथापि प्रेमाच्या भरात पुरणपोळी, शिजविलेले धान्य व पीठ बैलास पोटभर चारले, तर तेच प्रेम त्याच्या जिवावर उठते. कोटीपोटातील जीवांस चाऱ्याची सवय असते. एकाएकी पुष्कळ धान्य आले की त्याचे आम्ल बनते, कोटीपोटाची हालचाल मंदावते, बैल चारा सोडतो, झोकांड्या खातो व उपचार न झाल्यास दगावतो. घोड्यासही अति दाण्याने पोटशूळ होतो व खुरांत दाह होऊन तो लंगडा पडतो. यास्तव नैवेद्याचा एकच घास द्यावा आणि पोट नेहमीच्या चाऱ्यानेच भरू द्यावे. आहारातील कोणताही बदल हळूहळू करावा.

ज्वारीची कोवळी ताटे, पाण्यावाचून खुरटलेले पीक व कापणीनंतरचे फुटवे यांत विष असू शकते. गुरे राखणाऱ्या मुलांस हे अवश्य सांगावे. डावी कूस फुगलेली दिसल्यास किंवा जनावराने रवंथ सोडल्यास पशुवैद्यकास त्वरित बोलवावे. तोंड वर धरून औषध वा तेल बळाने पाजू नये. ते फुप्फुसात जाण्याचे भय असते.

निरीक्षण : (१) बसलेल्या बैलाचा एक घास किती वेळा चावला जातो, ते दुरून मोजावे. (२) पालकासमक्ष, गरीब बैलाच्या डाव्या कुशीवर तळहात ठेवून पाच मिनिटांत कोटीपोट किती वेळा उचलते, ते टिपावे. निरोगी जनावरात ही संख्या साधारण ५ ते १० भरते. (३) शेण व घोड्याची लीद यांची तुलना करावी. लिदीत गवताचे धागे अधिक का दिसतात, याचे उत्तर विद्यार्थ्यांकडूनच काढून घ्यावे.

गणित : जनावरास दररोज आपल्या वजनाच्या शेकडा २ ते २.५ इतका कोरडा चारा लागतो. ४०० किलो वजनाच्या बैलास किती लागेल? (उत्तर : ८ ते १० किलो.)

समारोप : १९३७ साली वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेने शिक्षणाची सांगड जीवनातील कामाशी घालण्याचा विचार देशापुढे मांडला. या पाठाची खरी परीक्षा पाटीवर व्हावयाची नाही. पोळ्याच्या सायंकाळी एखादा विद्यार्थी पुरणपोळ्यांचे ताट हाती घेतलेल्या आजोबांस, एकच घास द्यावा, असे नम्रपणे सांगेल आणि का ते समजावून देईल, तर पाठ साधला असे समजावे.