ओल कुठून आली?

घराच्या विम्यात आगीचा दावा त्या मानाने सरळ. काय जळलं ते दिसतं, कधी जळलं ते अग्निशमन दलाच्या कागदावर असतं. भिंतीवरची बुरशी मात्र सर्व्हेअरचा घाम काढते. पॉलिसी भरपाई देते ती पूर, वादळ, फुटलेली टाकी किंवा पाइप अशा नेमक्या घटनेपायी. गच्चीचं वॉटरप्रूफिंग गेलं, वरच्या फ्लॅटमधली गळती वर्षानुवर्षं रेंगाळली, तर ते देखभालीच्या खात्यात जातं. आणि बुरशी दोन्हीकडे सारखीच काळी दिसते.

हा फरक जागेवर जाऊन ठरवणं आणि त्याची किंमत रुपयांत मांडणं हे विमा सर्व्हेअरचं काम. ‘यात करिअर असतं?’ असं विचारणारे पालक नेहमी भेटतात. असतं, पण ते कसं आहे हे आधी नीट समजून घ्या.

ओल्या वस्तूवर बुरशी धरायला २४ ते ४८ तास पुरतात, त्यामुळे ती दिसली एवढ्यावर काहीच ठरत नाही. सर्व्हेअर बाकीच्या खुणा बघतो. डागाला एकात एक किती कडा आहेत, खिळे गंजलेत का, पोपडे ताजे आहेत की त्यांवर पूर्वी रंगाचा हात फिरलाय, पांढरा क्षार फुललाय का, प्लायवूड नुसतं फुगलंय की बोट लावताच भुगा होतोय. ओलावा मोजायचं यंत्रही असतं, पण ते आजची ओल सांगतं. मागची ओल शोधायला सोसायटीचं तक्रारींचं रजिस्टर आणि प्लंबरचं बिल चाळावं लागतं.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत घुसलं. अशा पुरानंतर कितीतरी लोक भिजलेल्या गाद्या, कपाटं, माल सर्व्हेअर येईपर्यंत तसाच ठेवतात, पुरावा म्हणून. चार दिवसांत सगळ्यावर बुरशी. पॉलिसीची अट नेमकी उलटी आहे: नुकसान वाढू नये म्हणून विमाधारकाने शक्य ते करायचं. ‘फोटो काढा, कंपनीला कळवा, मग वाळत घाला’ हे पहिल्याच फोनवर सांगणारा सर्व्हेअर दोन्ही बाजूंचे पैसे वाचवतो. तरीही ज्याचं दुकान गेलंय तो तुमच्याकडे ‘कंपनीचा माणूस’ म्हणूनच बघणार, कारण फी कंपनी देते. चिखल, कुजका वास आणि हा संशय ज्याला झेपणार नाही त्याने या वाटेला जाऊ नये.

दावा वाईट हाताळला तर काय होतं याचं गाजलेलं उदाहरण टेक्सासमधलं आहे. २००१ साली तिथल्या ज्यूरीने बुरशी लागलेल्या एका घराच्या दाव्यात विमा कंपनीविरुद्ध ३ कोटी २० लाख डॉलरचा निकाल दिला. पुढच्या वर्षी अपील न्यायालयाने ती रक्कम सुमारे ४० लाखांवर आणली, पण तोवर कंपन्या धास्तावल्या होत्या. बुरशीचं संरक्षण पॉलिसीतून काढायला किंवा त्यावर मर्यादा घालायला त्यांनी सुरुवात केली. आपल्याकडेही सर्व्हेअरचा अहवाल हा अखेरचा शब्द नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये स्पष्ट केलंय. म्हणजे तुमचं लिखाण उद्या ग्राहक आयोगात ओळीओळीने तपासलं जाऊ शकतं. चांगलं लिहिता येणं इथे बांधकामाच्या ज्ञानाइतकंच लागतं, आणि बहुतेक इंजिनिअर नेमके तिथेच अडतात.

परवाना विमा नियामक इर्डाई देते. इंजिनिअरिंगची पदवी किंवा डिप्लोमा, सीए, कॉस्ट अकाउंटंट असे मार्ग खुले आहेत. परवानाधारक सर्व्हेअरच्या हाताखाली उमेदवारी करावी लागते, शिवाय परीक्षा. आग, इंजिनिअरिंग, मोटार, सागरी माल, पीक असे विभाग आहेत. घरांचे दावे ‘आग’ या विभागात येतात, कारण भारतात घराचा विमा आगीच्या विम्यातूनच वाढला.

१ एप्रिल २०२१ पासून घरांसाठी ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी आली. इमारतीचा विमा असेल तर घरातल्या सामानाला त्या रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाखांपर्यंत, आपोआप संरक्षण मिळतं. (पालकांनी ही पॉलिसी मुलाच्या किंवा मुलीच्या हातात द्यावी. तासाभरात तिने त्यातल्या अटींवर वाद घातला, तर आवड आहे असं समजा.)

पैशांचं स्पष्ट सांगतो. स्वतंत्र सर्व्हेअरला ठरलेला पगार नसतो. दाव्यामागे फी मिळते, तीही उशिरा. सुरुवातीची वर्षं लहानसहान दाव्यांवर जातात, आणि गाड्यांचे छोटे दावे तर आता फोटोवरच निकालात निघू लागलेत. घरात दुसरा पगार नसेल तर आधी विमा कंपनीच्या क्लेम विभागात किंवा सर्व्हेअर फर्ममध्ये नोकरी धरावी. मुंबई-पुण्यात परदेशी विमा कंपन्यांच्या दाव्यांचं कागदोपत्री कामही चालतं. महिन्याचा पगार मिळतो, पण ओली भिंत तिथे पडद्यावरच दिसते, म्हणून त्यात फार रमू नये.

सिव्हिल डिप्लोमाच्या मुलामुलींनी मे महिन्यातच जवळपासच्या एखाद्या सर्व्हेअरला गाठावं. जुलै-ऑगस्टमध्ये त्याला हाताखाली माणूस हवाच असतो. पैसे विचारू नका, अहवालाचा कच्चा मसुदा लिहायला मागा.